उघड्यावरच्या बाकाची आणि खुर्च्यांची दुरुस्ती

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, दोन बाजू आणि त्यांवर बोल्टने बसवलेल्या सागवानी पट्ट्या असे एक बाक, आणि त्याच्याच जोडीच्या दोन संपूर्ण लाकडी खुर्च्या, असे तीन नग कित्येक वर्षे उघड्यावर ऊन-पाऊस खात उभे होते. पट्ट्यांचा रंग राखेसारखा करडा झाला होता, एके काळी लावलेल्या व्हार्निशचे पापुद्रे सुटून वाऱ्याने उडत होते, बिडावरच्या रंगाखाली गंजाचे फोड आले होते आणि एका खुर्चीवर बसले की तिचे मागचे पाय एकमेकांपासून दूर सरकत. ही दुरुस्ती मी स्वतः केली. ती करताना जे पाहिले त्यातले सगळ्यात उपयोगाचे निरीक्षण असे, की नजरेला सर्वांत वाईट दिसणारा भाग क्वचितच सर्वांत वाईट असतो. करडा पृष्ठभाग डोळ्यात भरतो. खरे नुकसान मात्र जिथे पाणी थांबते तिथे, म्हणजे सांध्यांच्या आत, पायांच्या तळाशी आणि बोल्टच्या डोक्याखाली, नजरेआड होत असते.

हात घालण्यापूर्वी हे फर्निचर दुरुस्त करण्याजोगे आहे का, हे ठरवणे आवश्यक होते. त्यासाठी एक टोकदार आरी पुरते. लाकडाच्या तंतूंना आडवी अशी ती हलकेच टोचून उचकटली की निरोगी लाकडाची लांब, चिवट सळ निघते आणि सुटताना कट् असा आवाज येतो. कुजलेल्या लाकडाचा आखूड, ठिसूळ तुकडा आवाज न करता तुटून हातात येतो. अशा रीतीने प्रत्येक पट्टी, प्रत्येक पाय आणि प्रत्येक सांध्याचा खालचा भाग मी तपासला आणि संशयास्पद जागांवर खडूने खुणा केल्या. पट्ट्यांच्या वरच्या बाजूवर, जिथे करडेपणा सर्वाधिक होता, तिथे एकही खूण पडली नाही. खुणा पडल्या त्या खुर्च्यांच्या दोन पायांच्या तळाशी, एका हाताच्या टोकाला आणि बाकाची एक पट्टी जिथे बिडाला टेकत होती त्या जागी. शेवटच्या जागेचे कारण उघड होते. लाकूड आणि बीड यांच्या फटीत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट नव्हती आणि ती फट उन्हालाही कधी दिसत नव्हती.

करडेपणाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याची भीती अनाठायी असते आणि त्या भीतीपोटी लोक लाकडावर नको तेवढा अत्याचार करतात. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होते, पावसाचे पाणी ते धुऊन नेते आणि मागे राहतात ते बांधणी सुटलेले, फिकट सेल्युलोजचे तंतू. त्यांवर काळपट बुरशी वाढली की ओळखीचा राखाडी रंग तयार होतो. ही क्रिया अगदी वरच्या थरापुरती असते. खालच्या लाकडापर्यंत किरण पोहोचतच नाहीत. मऊ जातीच्या, कोणतेही संरक्षण नसलेल्या लाकडाची उघड्यावर होणारी झीज शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर इतकी मोजली गेली आहे, आणि कठीण लाकडाची त्याहूनही कमी असते. बाकाच्या एका पट्टीच्या खालच्या कडेवरून मी रंध्याचा एकच हलका हात फिरवला, तेव्हा पहिल्याच छिलक्याखाली सागाचा मधाळ तपकिरी रंग आणि त्याचा तो तेलकट, चामड्यासारखा वास जसाच्या तसा होता. तात्पर्य, कुजणे आणि करडे होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा दीर्घकाळ लागतो. पावसात भिजून लगेच वाळणाऱ्या पट्टीत तो टिकत नाही, बंद सांध्यात मात्र टिकतो.

खोलणी हा सर्वांत चिवट टप्पा ठरला. बाक न खोलता वरवर घासून तेल लावणे शक्य होते आणि बरेच जण तसेच करतात. परंतु मग नेमक्या त्या फटी, जिथे रोग आहे, तशाच राहतात. प्रथम प्रत्येक पट्टीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक व दिशा लिहिली आणि जोडणीची छायाचित्रे काढली. पट्ट्या दिसायला सारख्या असल्या, तरी वर्षानुवर्षांच्या वापरात प्रत्येकीची भोके आपापल्या जागेला सरावलेली असतात आणि अदलाबदल झाली की बोल्ट तिरके बसतात.

बोल्टच्या नटांवर गंज इतका चढला होता की पान्याला धरायला कडाच उरल्या नव्हत्या. तारेच्या ब्रशाने गंज झाडून त्यांवर गंज सैल करणारे पातळ तेल सोडले आणि ते रात्रभर मुरू दिले. त्यानंतर नट सैल करण्याआधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाबला. हा उपाय उलटा वाटतो, पण त्या लहानशा हालचालीने आट्यांमधला गंजाचा बंध तुटतो आणि मग नट उलट्या दिशेने सुटायला तयार होतो. जे तरीही हलले नाहीत ते लोखंडी करवतीने कापले, कारण जोर लावण्यात एक धोका होता. बिडात कार्बनचे प्रमाण २ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान असते, त्यामुळे ते कडक असले तरी ठिसूळ असते. पोलाद वाकते तिथे बीड तडकते. तडकलेले बीड जोडायचे तर तो भाग आधी तापवून, खास निकेलच्या काडीने वेल्डिंग करून, पुन्हा सावकाश थंड करावा लागतो. एका जुन्या बोल्टसाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता.

खुर्च्यांमधले लाकडी स्क्रू वेगळ्याच प्रकारे अडले होते. त्यांच्या डोक्यांवरच्या खाचा जुन्या व्हार्निशने आणि मळाने बुजल्या होत्या. त्या टोकदार पात्याने कोरून साफ केल्या, स्क्रूच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंगची इस्त्री थोडा वेळ टेकवली आणि स्क्रू निवल्यावर, खाचेत चपखल बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन, सरळ वरून भार देत फिरवले. तापून प्रसरण पावलेला स्क्रू निवताना आकुंचन पावतो आणि भोवतीच्या लाकडापासून सुटतो. निघालेले बहुतेक स्क्रू मध्यभागी निम्म्या जाडीचे झाले होते आणि त्यांच्या भोवतालचे लाकूड निळसर काळे पडले होते. लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की असाच काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच क्रियेतून बनवत असत.

पट्ट्या सुट्या झाल्यावर उरलेले व्हार्निश खरवडून काढले. रंग उतरवणारी रसायने मी टाळली. बहुतेक पापुद्रे आधीच सुटलेले होते आणि धारदार, चौकोनी पोलादी खरवडणी तंतूंच्या दिशेने ओढली की उरलेले व्हार्निश कुरकुरीत सालीसारखे निघून येत होते. ते निघताना त्याच्या नाशाचे कारणही दिसत होते. जिथे पापुद्रा अजून घट्ट होता तिथे लाकूड उजळ होते. जिथे एखादी बारीक चीर पडली होती तिथे पाणी आत शिरून पापुद्र्याखाली पसरले होते आणि वाळायला वाट न मिळाल्याने तिथले लाकूड उघड्या लाकडापेक्षाही काळवंडले होते. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते आणि सुकताना आखडते, लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. घरातल्या फर्निचरसाठी बनवलेला कडक थर ही हालचाल सोसू शकत नाही.

त्यानंतरची धुलाई दोन पायऱ्यांची होती. पहिली पायरी सोडियम परकार्बोनेटची. ही पांढरी भुकटी कोमट पाण्यात विरघळली की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतात. पहिला मळ आणि तेलकटपणा सोडवतो, दुसरा बुरशी मारतो. द्रावण प्लॅस्टिकच्या बादलीत लागेल तेवढेच केले, कारण काही तासांत त्याची ताकद संपते, आणि झाकण घट्ट लावून ते साठवणे धोक्याचे असते, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. पट्टीवर द्रावण पसरून ती ओली राहील अशी काळजी घेत थोडा वेळ थांबलो आणि मग मऊ नायलॉनच्या ब्रशाने तंतूंच्या दिशेने घासले. ब्रशाखालून जे काळपट, चिकट पाणी वाहिले त्यात मेलेले तंतू आणि बुरशी दोन्ही होते. तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या या कामाला मी लावला नाही, कारण त्यांचे सूक्ष्म कण लाकडात अडकतात आणि पुढच्या पावसात प्रत्येक कण एक काळा ठिपका बनतो. जोरदार फवाऱ्याच्या यंत्राचा मोह तर आवर्जून टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. लाकडाच्या वार्षिक वलयांत एक थर मऊ आणि एक कठीण असतो. फवारा मऊ थर कोरून नेतो आणि पृष्ठभागावर नांगरटीसारख्या सऱ्या पडतात. मग सपाटी आणण्यासाठी जेवढे लाकूड घासून काढावे लागते तेवढे हवामानाने अनेक दशकांत झिजवले नसते. कपड्यांसाठीच्या क्लोरीनयुक्त ब्लीचचीही तीच गत: ते लाकूड पांढरे करते खरे, पण तंतूही खाते.

सोड्यामुळे साग बराच गडद, जवळपास चहाच्या रंगाचा झाला. हे अपेक्षितच होते. दुसऱ्या पायरीत ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण लावले, एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम या प्रमाणात. हे आम्ल लोखंडाच्या क्षारांना पकडून विरघळवते, म्हणून स्क्रूभोवतीचे काळे डाग त्याच्यापुढे टिकत नाहीत. द्रावण फक्त डागांवर न लावता संपूर्ण पट्टीवर सारखे लावले, अन्यथा डागांच्या जागी उजळ चट्टे पडतात. काही मिनिटांत गडद रंग उतरत गेला आणि बहुतेक डाग फिकट होऊन नाहीसे झाले; दोन-तीन खोल डागांना पुन्हा हात द्यावा लागला. मात्र हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये, कोरडी भुकटी श्वासात जाऊ देऊ नये आणि क्लोरीनच्या ब्लीचच्या जवळपासही ते आणू नये, कारण आम्ल मिसळताच ब्लीचमधून विषारी क्लोरीन वायू सुटतो. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी लावून आम्ल मारले आणि भरपूर स्वच्छ पाण्याने पट्ट्या पुन्हा पुन्हा धुतल्या. ही धुलाई उरकण्याचे काम नव्हे. लाकडात उरलेले आम्ल वाळून त्याचे स्फटिक होतात, आणि पुढे पॉलिश पेपरने घासताना ते भुश्याबरोबर नाकाघशात जातात.

धुतलेल्या पट्ट्या सावलीत, मध्ये लाकडी काड्या ठेवून, सर्व बाजूंनी हवा लागेल अशा रचल्या. कडक उन्हात त्या लवकर वाळल्या असत्या, पण वरची बाजू आधी आखडून पट्टी वाकण्याचा किंवा टोके फाटण्याचा धोका होता. हाताला कोरडे लागणारे लाकूड आतून ओले असू शकते, म्हणून दोन सुया टोचून विद्युत रोधावरून ओलावा दाखवणारे एक साधे मीटर मी वापरले. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही असे ठरवले होते, आणि पट्ट्यांच्या मधल्या भागापेक्षा टोकांनी व खुर्च्यांच्या पायांनी त्यासाठी पुष्कळ जास्त वेळ घेतला. या सगळ्या कामात वगळायला सर्वांत सोपी आणि वगळल्यास सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे हे थांबणे होय.

तेवढ्या काळात बिडाच्या बाजू हातात घेतल्या. त्यांवरचा रंग किती जुना आहे याची खात्री नसल्याने त्यात शिसे असू शकते असे गृहीत धरूनच काम केले: कोरडे घासले नाही, पाणी मारत ओले खरवडले, खाली प्लॅस्टिक अंथरले, मुखपट्टी लावली आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळा बांधून ठेवला. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे रंगाखाली एकदा गंज सुरू झाला की तो रंगाला आतूनच उचलतो. म्हणून फोड दिसतो त्याच्या पुढे चारी बाजूंना, रंग घट्ट लागेपर्यंत, खरवडत जावे लागते. नक्षीच्या खोबणींत ब्रश पोहोचत नव्हता. तिथे उरलेल्या पातळ गंजावर फॉस्फरिक आम्ल असलेले, गंजाचे रूपांतर करणारे द्रावण लावले. ते गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, आणि तो थर स्थिर असतो. सुटे, पापुद्र्याचे गंज मात्र त्याने बरे होत नाहीत, ते आधी झाडावेच लागतात. उघडे झालेले बीड हवेतल्या ओलाव्याने काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते, म्हणून त्याच दिवशी झिंक फॉस्फेटच्या प्रायमरचा हात दिला आणि वाळल्यावर बाहेरच्या वापराच्या इनॅमल रंगाचे दोन पातळ हात दिले. तळाचा भाग, जो जमिनीला टेकतो आणि ज्याकडे कोणी पाहत नाही, तिथे एक हात जास्त दिला.

खुर्च्यांचे सांधे खाच आणि कुसू पद्धतीचे होते, म्हणजे एका तुकड्याच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली. हलणाऱ्या सांध्यात बाहेरून सरस ओतून क्लॅम्पने आवळण्याने काही साधत नाही, कारण नवा सरस जुन्या वाळलेल्या सरसाला धरत नाही आणि लाकडापर्यंत पोहोचतही नाही. सैल सांधे रबरी हातोडीने हलके ठोकून पूर्ण उघडले आणि जुना सरस पटाशीने खरवडून लाकूड उघडे केले. सागाची एक अडचण अशी की ज्या नैसर्गिक तेलांमुळे तो टिकतो तीच तेले चिकटद्रव्याला दूर लोटतात. यावर उपाय म्हणजे जोडणीच्या लगेच आधी ॲसिटोनने पृष्ठभाग पुसून घेणे. वेळ गेला की आतली तेले पुन्हा वर येतात. चिकटवण्यासाठी एपॉक्सी वापरले. झिजून सैल झालेल्या कुसवाभोवती फट उरते, आणि ती भरून काढत पकड देणारे हेच द्रव्य आहे. क्लॅम्प जेमतेम फट मिटेल इतकेच आवळले. एपॉक्सीला फार दाब दिला तर ते सगळे बाहेर येते आणि सांध्यात काहीच उरत नाही. आवळण्यापूर्वी खुर्ची सपाट जागेवर ठेवून चारही पाय टेकतात का आणि दोन्ही कर्ण सारखे भरतात का, हे मोजून घेतले.

कुजलेल्या पायांच्या बाबतीत भुसा आणि एपॉक्सी यांचा लगदा भरून काम भागवावे असा सल्ला मिळत होता. लहान खड्ड्यासाठी तो योग्य आहे. हाताच्या टोकाला मी तेच केले. पायावर मात्र सगळा भार येतो आणि तिथे कुजलेल्या लाकडाच्या कडेला लगदा चिकटून राहत नाही. म्हणून निरोगी लाकूड लागेपर्यंत पाय तिरका कापला आणि तंतूंची दिशा जुळवून सागाच्याच गाभ्याच्या तुकड्याचे लांब, उतरते ठिगळ जोडले. गाभ्याचाच तुकडा घेण्याला कारण आहे. सागाची टिकाऊपणाची ख्याती गाभ्याच्या लाकडाची असते, त्याच्या भोवतीचे फिकट रसकाष्ठ लवकर कुजते, आणि कुजलेल्या दोन्ही पायांच्या कोपऱ्यांत मूळ कारागिराने नेमके ते फिकट लाकूड येऊ दिलेले दिसत होते. जोड सरळ न घेता तिरका घेतला की चिकटणारे क्षेत्र वाढते. सरळ जोडात दोन्ही बाजूंनी तंतूंची उघडी टोकेच समोरासमोर येतात आणि ती सरस पिऊन टाकतात, पकड देत नाहीत.

पॉलिश पेपरचे काम त्या मानाने लवकर उरकले. ८० नंबरने सुरुवात करून १२० वर थांबलो, आणि जिथे हात-पाठ टेकते तिथे १५० फिरवला. त्याहून गुळगुळीत करण्यात उघड्यावरच्या फर्निचरला काही लाभ नाही, उलट तेल कमी मुरते. पट्ट्यांच्या वरच्या कडा किंचित गोल केल्या, कारण तीक्ष्ण कडेवर कोणताही लेप पातळ बसतो आणि तिथूनच तो आधी जातो. मुखपट्टी येथेही हवीच. सागाच्या भुश्याने अनेकांच्या त्वचेला व श्वासाला त्रास होतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसासाठी निश्चितपणे कर्ककारक असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवली आहे.

आता लेप कोणता लावायचा, हा प्रश्न. याच प्रश्नाने लोक सुरुवात करतात आणि मी तो शेवटावर ठेवला होता. शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी जे व्हार्निश विकसित झाले ते वाऱ्याने वाकणाऱ्या लाकडाबरोबर वाकावे म्हणून तेलाचे प्रमाण अधिक ठेवून बनवलेले, लवचीक असते, आणि आजच्या त्या प्रकारच्या व्हार्निशांत अतिनील किरण शोषणारी द्रव्येही असतात. त्याची झळाळी निःसंशय सुंदर असते. परंतु तोही अखेर एक पापुद्राच आहे. त्याची चीर वेळेवर दिसली आणि बुजवली नाही तर पुन्हा सगळे खरवडणे आले. अपारदर्शक रंग किरणांना सर्वांत चांगला अडवतो, पण सागाचे अंग झाकून टाकतो. अळशीचे कच्चे तेल सावकाश वाळते आणि बुरशीला खाद्य पुरवते, म्हणून उघड्यावर ते एकटे वापरण्यात हशील नाही. बाजारात सागाचे तेल म्हणून जे मिळते ते सागापासून काढलेले नसते, बहुधा अळशी किंवा टंग (एका झाडाच्या बिया) यांसारख्यांचे वाळणारे तेल आणि पातळ करणारे द्रव्य यांचे ते मिश्रण असते. त्यामुळे डब्यावरचे नाव न वाचता आतले घटक वाचावेत.

मी बुरशीरोधक आणि थोडे तपकिरी रंगद्रव्य असलेले, पृष्ठभागावर थर न करता मुरणारे तेल निवडले. रंगद्रव्याचे कण किरणांना अडवतात, आणि तेल जाऊ लागले की ते सोलवटत नाही, नुसते फिके होत जाते. मग धुऊन पुन्हा एक हात दिला की काम भागते. अधिक वेळा देखभाल, पण दर वेळी थोडी, हा सौदा मला पटला. तेलाचा हात पातळ दिला, लाकूड पिईल तेवढे पिऊ दिले आणि पृष्ठभागावर उरलेले तेल कापडाने पूर्ण पुसून घेतले, कारण न पुसलेले तेल चिकट राहते व धूळ धरते. पट्ट्यांची आडवी कापलेली टोके आणि पायांचे तळ यांना वेगळी वागणूक दिली. लाकडातल्या सगळ्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि त्या पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने ओढतात. पायांच्या तळांना पातळ एपॉक्सीचे, मुरेनासे होईपर्यंत, हात दिले. एपॉक्सी उन्हात पिवळे पडून भुरभुरते, पण पायांच्या तळाला ऊन लागत नसल्याने तिथे ती अडचण नव्हती. तेलाने भिजलेली कापडे गोळा करून टाकू नयेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. वाळणारी तेले हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात आणि चुरगळलेल्या कापडात ती साठून ठिणगीशिवाय आग लागते. कापडे बाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

जोडणी करताना सर्व जुने लोखंडी स्क्रू आणि बोल्ट बाद करून स्टेनलेस स्टीलचे घेतले. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून कायमचे जाम होतात, म्हणून प्रत्येकावर मेण चोळले. पट्टी आणि बीड यांच्या मध्ये, जिथे कुजणे सुरू झाले होते तिथे, नायलॉनच्या जाड चकत्या घातल्या. आता त्या फटीतून पाणी खाली पडते आणि वाराही खेळतो. माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीत सर्वांत अधिक आयुष्य वाढवणारी गोष्ट या किरकोळ चकत्या आहेत, तेल नव्हे. पट्ट्यांमधली फट सारखी राहावी म्हणून ६ मिलिमीटर जाडीचे तुकडे मध्ये धरून बोल्ट आवळले, आणि बोल्टची भोके किंचित मोठी ठेवली, जेणेकरून रुंदीत फुगणारी पट्टी फाटणार नाही. बैठकीच्या मागच्या पट्टीला पूर्वी मागे उतार होता आणि तिथे पाणी साचून राहत असे. खाली एक पातळ पाचर देऊन तो पुढे वळवला.

एका खुर्चीचे सांधे दुरुस्त करून, तिचे पाय बंद करून, तिला तेल मात्र मुद्दामच लावले नाही. नीट बांधलेल्या आणि पाणी न धरणाऱ्या सागवानी खुर्चीला तेलाची गरज कितपत असते हे मला पाहायचे होते. वर्षभरात तेल लावलेले बाक बसण्याच्या जागी फिके झाले आहे आणि पाण्याचे थेंब तिथे गोळा न होता पसरून मुरतात, म्हणजे त्याला पुन्हा हात देण्याची वेळ आली आहे. बिनतेलाची खुर्ची पुन्हा रुपेरी करडी झाली आहे, तिच्यावर बारीक रेषांच्या चिरा दिसू लागल्या आहेत, परंतु आरीची परीक्षा तिने सगळीकडे सारखीच दिली आणि ओलाव्याचे मीटर दोन्हींच्या सांध्यांत जवळजवळ एकच आकडा दाखवते. पावसाच्या दिवसांत दोन्ही नग प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवणे मी बंद केले आहे, कारण आवरणाखाली घाम धरतो आणि बुरशीला हवा तो ओलावा आयताच मिळतो. बाकाला तेलाचा दुसरा हात कोरडे दिवस लागले की देणार आहे. खुर्चीला तो यंदाही द्यायचा नाही.